बालकांची भूल आणि श्वासाची वाट : सोनोग्राफीचे नवे साहाय्य

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



पन्नास वर्षांची वाटचाल पूर्ण करणाऱ्या संस्थेच्या मंगल प्रसंगी धर्म, शिक्षण आणि समाजसेवा यांविषयी पुष्कळ बोलले जाते व ते योग्यच आहे. आजचा विषय त्या मानाने लहान वाटेल. परंतु ज्या घरातील मूल शस्त्रक्रियेच्या दालनात नेले जाते, त्या घराला त्या घडीला त्याहून मोठा विषय दुसरा नसतो. हर्नियाची शस्त्रक्रिया असो, टॉन्सिलची असो वा दुभंगलेल्या ओठाची. आईवडील शल्यचिकित्सकाचे नाव चौकशी करून ठरवितात. भूल कोण देणार, हे मात्र क्वचितच विचारले जाते. संमतीपत्रावर सही करताना मनात धाकधूक असते ती मात्र नेमकी भुलेचीच : मूल झोपेल, पण नीट जागे होईल ना?

या प्रश्नाचे उत्तर बहुतांशी एका गोष्टीवर अवलंबून असते. ती गोष्ट म्हणजे श्वासाची वाट. ही वाट अवघड आहे किंवा नाही, हे भूल देण्यापूर्वीच ओळखण्यासाठी सोनोग्राफीचा उपयोग कसा होऊ शकतो आणि कर्जत-खालापूरसारख्या भागात त्याचा अर्थ काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे ईथरच्या साहाय्याने वेदनारहित शस्त्रक्रियेचे जाहीर प्रात्यक्षिक झाले आणि वैद्यकाचे नवे युग सुरू झाले. परंतु त्यानंतर दीड वर्षाच्या आतच, २८ जानेवारी १८४८ रोजी, इंग्लंडमधील हॅना ग्रीनर नावाची १५ वर्षांची मुलगी क्लोरोफॉर्म दिल्यानंतर दगावली. तिची शस्त्रक्रिया कोणती, तर पायाच्या बोटाचे नख काढण्याची! तिच्या मृत्यूच्या कारणाविषयी पुढे अनेक वर्षे वाद झाले. पण त्या घटनेने एक धडा कायमचा दिला. शस्त्रक्रिया लहान असू शकते, भूल कधीच लहान नसते.

भूल दिल्यावर शरीराचे स्नायू सैल पडतात. जीभ मागे सरकते, घशाची पोकळी मिटू लागते आणि औषधांच्या प्रभावामुळे श्वास मंदावतो किंवा थांबतो. अशा वेळी रुग्णाच्या वतीने श्वास घेण्याची जबाबदारी भूलतज्ज्ञावर येते. तोंडावर मास्क ठेवून प्राणवायू देणे, घशात बसणारे श्वसनसाधन ठेवणे, किंवा स्वरतंतूंच्या मधून श्वासनलिकेत नळी घालणे, हे त्याचे प्रमुख मार्ग होत. नळी घालण्यासाठी लॅरिंगोस्कोप नावाच्या प्रकाशयुक्त उपकरणाने जीभ बाजूस सारून स्वरतंतू पाहावे लागतात. बहुतेक मुलांमध्ये ते सहज दिसतात. काही थोड्या मुलांमध्ये ते दिसत नाहीत. हीच अवघड श्वासमार्गाची समस्या.

बालक म्हणजे प्रौढ माणसाची छोटी प्रतिकृती नव्हे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. तान्ह्या मुलाचे डोके शरीराच्या मानाने मोठे असते, त्यामुळे उताणे निजविल्यावर मान आपोआप पुढे वाकते. जीभ तोंडाच्या मानाने मोठी असते. स्वरयंत्र प्रौढांपेक्षा वर, म्हणजे मानेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्यासमोर असते. त्यावरील झाकण लांबट आणि मऊ असते. स्वरयंत्राखाली कूर्चेचे एक पूर्ण कडे असते. त्या ठिकाणी श्वासमार्ग न ताणणारा, कठीण असतो. नळी थोडी जरी घट्ट बसली तरी तेथे सूज येते.

या सुजेचे गणित पाहण्यासारखे आहे. ४ मिलिमीटर व्यासाच्या बालकाच्या श्वासमार्गात सर्व बाजूंनी केवळ १ मिलिमीटर सूज आली, तर व्यास २ मिलिमीटर उरतो, वाट एक चतुर्थांश राहते आणि संथ वाहणाऱ्या हवेला होणारा विरोध १६ पट वाढतो. प्रौढाच्या ८ मिलिमीटरच्या मार्गात तेवढीच सूज आली, तर विरोध सुमारे ३ पट वाढतो. मोठ्या माणसाचा केवळ घसा बसतो. तेवढ्याच सुजेने बालकाचा जीव कासावीस होतो.

दुसरी अडचण वेळेची. शरीराच्या वजनाच्या मानाने बालक प्रौढाच्या सुमारे दुप्पट प्राणवायू वापरते आणि त्याच्या फुप्फुसातील शिल्लक साठा मात्र कमी असतो. म्हणून श्वास थांबल्यावर प्रौढाच्या बाबतीत भूलतज्ज्ञाला मिळणारी उसंत बालकाच्या बाबतीत मिळत नाही. अवघड वाट अकस्मात समोर आली, तर विचार करण्यास फारसा अवधी नसतो. ती आधी ठाऊक असेल, तर त्या मिनिटांचे नियोजन आदल्या दिवशी करता येते.

हे अनुमान काल्पनिक नाही. अमेरिकेतील १३ रुग्णालयांमध्ये नळी घालणे कठीण ठरलेल्या मुलांच्या १०१८ प्रसंगांची नोंद करून २०१६ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी सुमारे २० टक्के प्रसंगांत काही ना काही गुंतागुंत झाली आणि १५ प्रसंगांत हृदय बंद पडले. दोनपेक्षा अधिक वेळा प्रयत्न केल्यास धोका वाढतो, हेही त्यातून दिसून आले. म्हणजेच पुनःपुन्हा प्रयत्न करीत राहणे हे धैर्याचे लक्षण नसून धोक्याचे कारण आहे. त्याच वर्षी, २०१६ मध्ये, ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशन या भारतीय संस्थेने मुलांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. प्रयत्न मोजके ठेवणे, प्रयत्न चालू असताना नाकावाटे प्राणवायू देत राहणे आणि मदतीस वेळीच हाक मारणे, यांवर त्यांत भर आहे.

मग अवघड वाट आधी ओळखावी कशी? मोठ्या माणसांसाठी एक सोपी पद्धत जगभर रूढ आहे. रुग्णाला समोर बसवून तोंड पूर्ण उघडावयास आणि जीभ बाहेर काढावयास सांगतात व घशातील कोणकोणते भाग दिसतात ते पाहतात. मूळचे भारतीय असलेले भूलतज्ज्ञ डॉ. शेषगिरी राव मल्लमपती यांनी १९८५ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली आणि आज जगातील भूलतज्ज्ञ ती त्यांच्याच नावाने ओळखतात. परंतु दोन वर्षांच्या रडणाऱ्या मुलाला 'बाळा, तोंड उघड आणि स्थिर बस' असे सांगून काय होणार? ते तोंड मिटून आईच्या पदरात लपते. प्रौढांसाठीच्या इतर कसोट्याही, जसे मान किती मागे जाते, हनुवटीपासून गळ्यापर्यंतचे अंतर किती, लहान मुलांमध्ये नीट मोजता येत नाहीत.

यासाठीच सोनोग्राफीकडे लक्ष वळले. मानवी कानाला ऐकू येणाऱ्या ध्वनीची मर्यादा सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांची असते. सोनोग्राफीत त्याहून कितीतरी अधिक, म्हणजे सेकंदाला काही दशलक्ष कंपनांचा ध्वनी शरीरात सोडतात आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून आतले चित्र तयार करतात. त्यात क्ष-किरण नसतात, सुई नसते, वेदना नसते. मूल आईच्या मांडीवर असतानाही गळ्याला थोडी जेली लावून काही मिनिटांत तपासणी होऊ शकते. बालकांच्या बाबतीत एक नैसर्गिक सोयही आहे : त्यांच्या स्वरयंत्राच्या कूर्चा अजून कठीण झालेल्या नसतात, त्यामुळे ध्वनी त्यांतून सहज पार होतो आणि हलणारे स्वरतंतूदेखील दिसू शकतात.

या तपासणीत मुख्यतः चार गोष्टी पाहतात. पहिली, जिभेची जाडी आणि जिभेच्या मुळाशी असलेल्या कमानीसारख्या छोट्या हाडापासून हनुवटीपर्यंतचे अंतर. हे अंतर कमी आणि जीभ जाड, तर स्वरतंतू दिसणे कठीण होण्याची शक्यता वाढते. दुसरी, गळ्याच्या त्वचेपासून स्वरयंत्रावरील झाकणापर्यंतची खोली. प्रौढांमध्ये या मापाचा अभ्यास बराच झाला आहे. तिसरी, श्वासमार्गावर दाब देणारी एखादी गाठ वा द्रवाची पिशवी आहे काय. चौथी, कूर्चेच्या कड्यापाशी श्वासमार्गाची रुंदी किती आहे.

या चौथ्या मापाचा उपयोग विशेष आहे. कोणत्या आकाराची नळी घालावी, हे परंपरेने वयावरून ठरवितात. वयाला ४ ने भागून त्यात ४ मिळवावेत, फुगा असलेल्या नळीसाठी साडेतीन मिळवावेत, असे सूत्र आहे. त्यानुसार ४ वर्षांच्या मुलाला ५ किंवा साडेचार मिलिमीटरची नळी लागते. पण सर्व मुले सूत्राप्रमाणे वाढत नाहीत. शिवाय डोंगरातील एखाद्या वाडीवरून आलेल्या मुलाची जन्मतारीख घरच्यांना नक्की ठाऊक नसेल, तर सूत्रात घालावयाचे वय आणावे कोठून? सोनोग्राफी वय विचारीत नाही; ती प्रत्यक्ष वाट मोजते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वय आणि उंची यांवरील सूत्रांपेक्षा सोनोग्राफीच्या मापावरून नळीचा आकार अधिक अचूक ठरविता येतो, असे आढळले. नळीवर छापलेला आकडा आतील व्यासाचा असतो आणि सोनोग्राफीचे माप बाहेरील व्यासाशी जुळवावयाचे असते, एवढे भान मात्र ठेवावे लागते.

येथे या साधनाच्या मर्यादाही सांगितल्याच पाहिजेत. ध्वनी हवेतून पुढे जाऊन चित्र देऊ शकत नाही, म्हणून श्वासनलिकेची मागील बाजू दिसत नाही. तपासणाऱ्याचा हात सरावाचा नसेल तर माप चुकते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, अमुक इतके मिलिमीटर म्हणजे अवघड व त्याखाली सोपे, अशी सर्वमान्य रेषा बालकांसाठी अद्याप ठरलेली नाही. मुलांवरील अभ्यास प्रौढांच्या मानाने कमी आहेत आणि प्रत्येक वयोगटाची मापे वेगळी असतात. त्यामुळे सोनोग्राफीत काही आढळले नाही, म्हणजे अभय मिळाले असे नव्हे. मुलाचा चेहरा, हनुवटी, तोंडाची उघड, घोरण्याची सवय, पूर्वीच्या भुलेचा अनुभव या गोष्टी पाहणे व विचारणे हा पाया आहे. सोनोग्राफी ही त्यावर रचलेली आणखी एक वीट आहे.

आता आपल्या परिसराकडे वळू या. बोरघाटाच्या पायथ्याशी, उल्हास आणि पाताळगंगेच्या खोऱ्यांत वसलेले कर्जत व खालापूर हे तालुके मुंबईला लोहमार्गाने जवळचे आहेत. पण तालुक्याच्या गावापासून ठाकूर आणि कातकरी समाजाच्या वाड्या अनेकदा दूर आहेत. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, तेव्हा मदत पथकांना डोंगर पायी चढून जावे लागले होते. एरवीही अशा वाटेने आजारी मूल खाली आणणे म्हणजे काय, हे त्या रात्रीने सर्व महाराष्ट्राला दाखविले.

समजा, कशेळ्याच्या पलीकडील एखाद्या वाडीवरचे चार वर्षांचे मूल हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी कर्जतला आणले आहे. मूल रात्री घोरते, झोपेत मध्येच श्वास अडखळून दचकते, त्याची हनुवटी किंचित आत आहे. याला येथेच भूल द्यावी, की परळच्या वाडिया बाल रुग्णालयासारख्या ठिकाणी पाठवावे? येथे भूल दिली आणि वाट सापडली नाही, तर जिवावर बेतते. उलट, केवळ शंकेपोटी प्रत्येक मुलाला मुंबईस पाठविले, तर रोजंदारीवर जगणाऱ्या बापाचे आठवड्याचे काम बुडते, इतर मुले घरी एकटी राहतात आणि कित्येक कुटुंबे 'मोठे झाल्यावर पाहू' म्हणून शस्त्रक्रियाच लांबणीवर टाकतात. दोन्हींकडे नुकसान आहे. अशा वेळी गळ्याच्या तपासणीतून मिळालेली थोडी अधिक माहिती तराजूचे पारडे योग्य बाजूला झुकविण्यास उपयोगी पडते. ज्याला खरोखर पाठविणे आवश्यक आहे, त्याला चिठ्ठीसह, मापांसह, वेळेवर पाठविता येते. ज्याला पाठविण्याची गरज नाही, त्याची शस्त्रक्रिया योग्य तयारीनिशी घराजवळ होऊ शकते.

काही मुलांच्या बाबतीत तर शंका नसून खात्रीच असते. चुलीच्या किंवा उकळत्या पाण्याच्या भाजण्याने मानेची कातडी आखडून हनुवटी छातीकडे ओढली गेलेली मुले, हनुवटीवर पडल्यामुळे किंवा कानातील जंतुसंसर्गामुळे जबड्याचा सांधा जखडून तोंड न उघडणारी मुले, जन्मतः टाळू दुभंगलेली वा जबडा फार लहान असलेली मुले, गळ्यावर मोठी गाठ असलेली मुले यांना अनुभवी बाल-भूलतज्ज्ञ असलेल्या केंद्रातच नेले पाहिजे. २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या आणि शाळांमधून मुलांची तपासणी करतात. पुढील उपचारांसाठी शासकीय योजनेचा आधारही असतो. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये प्रथम ज्या ८ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. आज तीच महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. या दोन्हींची माहिती वाडीवर पोहोचविणे, हेही मोठे सेवाकार्य आहे.

जैन कुटुंबांनी विशेष लक्षात घ्यावी अशी एक गोष्ट उपवासाविषयी. भुलेत पोटातील अन्न वर येऊन फुप्फुसात जाऊ नये, म्हणून जेवण व वरचे दूध ६ तास, आईचे दूध ४ तास आणि स्वच्छ पाणी २ तास आधी बंद करण्याचा नियम आहे. २०१८ पासून युरोपातील अनेक बाल-भूलतज्ज्ञ संघटनांनी पाण्याची मुदत १ तासावर आणली आहे. पोट रिकामे आहे की नाही, हेही आता सोनोग्राफीने पाहता येते. परंतु ज्या घरात मूलही चौविहार पाळते, तेथे सूर्यास्तापासून त्याच्या पोटात पाणीदेखील गेलेले नसते. सकाळी दहाला शस्त्रक्रिया असेल, तर हा निर्जळी काळ पंधरा तासांपर्यंत जातो. एवढा काळ लहान मुलाला मानवत नाही. साखर उतरू शकते, शिरा सापडत नाहीत, मूल व्याकूळ होते. म्हणून चौविहाराची गोष्ट डॉक्टरांना आधीच सांगावी. नवकारशीनंतर, डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या वेळेपर्यंत, उकळून गार केलेले पाणी द्यावे. उलट बाजूने, मुलाची दया येऊन आजीने गुपचूप दिलेले दूध-बिस्किट डॉक्टरांपासून लपवू नये. त्या क्षणी खरे सांगणे हीच मुलावरची खरी दया होय.

शेवटी दानाविषयी. पन्नास वर्षांच्या पुण्याईवर उभी असलेली संस्था एखाद्या रुग्णालयास सोनोग्राफी यंत्र देण्याचा विचार करू शकते. हेतू उत्तम आहे. परंतु या यंत्राला कायद्याची चौकट आहे. गर्भलिंग निदानाविरुद्ध देशात सर्वप्रथम कायदा केला तो महाराष्ट्राने, १९८८ मध्ये. केंद्राचा कायदा १९९४ चा असून २००३ मध्ये तो अधिक कडक झाला. त्यानुसार नोंदणी नसलेल्या व्यक्तीस वा केंद्रास असे यंत्र विकता वा देता येत नाही. २०१२ च्या नियमांनी हातात नेता येणाऱ्या यंत्रांवरही बंधने घातली. यंत्र बालकाच्या गळ्यासाठी वापरावयाचे असले तरी ही अट सुटत नाही. ही बंधने जाचक वाटली तरी त्यांमागे न जन्मलेल्या मुलींच्या प्राणांचा प्रश्न आहे, आणि अहिंसेचे मोल जाणणाऱ्या समाजाला तो समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणून यंत्र देण्यापूर्वी रुग्णालयाची नोंदणी आणि वापरणाऱ्या डॉक्टरांची पात्रता यांची खातरजमा जिल्ह्याच्या समुचित प्राधिकाऱ्याकडे करावी.

यंत्र देणे शक्य नसेल, तरी करण्यासारखे पुष्कळ आहे. बालकांच्या मापाचे मास्क आणि लॅरिंगोस्कोपची छोटी पाती, घशात बसणाऱ्या श्वसनसाधनांचे सर्व लहान आकार, कॅमेरा असलेला व्हिडिओ लॅरिंगोस्कोप, रक्तातील प्राणवायू दाखविणारा पल्स ऑक्सिमीटर, आणि नळी श्वासनलिकेतच आहे याची खात्री देणारा कॅप्नोग्राफ ही साधने गर्भलिंग निदानविरोधी कायद्याखालील नोंदणीवाचून देता येतात. एखाद्या तरुण भूलतज्ज्ञाला मोठ्या केंद्रात प्रशिक्षणासाठी पाठविण्याचा खर्च उचलणे, हे तर यंत्राहूनही टिकाऊ दान. कारण यंत्र पाहत नाही. यंत्रामागचा शिकलेला डोळा पाहतो.

आणि आईवडिलांनी काय करावे? शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांची भेट मागावी. मूल घोरते काय, पूर्वीच्या भुलेत काही अडचण आली होती काय, दात हलतो आहे काय, गेल्या दोन आठवड्यांत सर्दी-खोकला झाला होता काय, हे न विचारता सांगावे. श्वासमार्ग अवघड असल्याचे एकदा आढळले असेल, तर ते लेखी मागून घ्यावे आणि कागद आयुष्यभर जपावा. 'आज शस्त्रक्रिया करू नये, मुलाला पुढे पाठवावे,' असे भूलतज्ज्ञाने सांगितले तर त्यावर रागावू नये. तो नकार ही भित्रेपणाची खूण नसते. त्यामागे मुलाची काळजी असते.

श्वास जोवर सुरळीत चालतो तोवर त्याची आठवण कोणाला होत नाही. इतरांच्या मुलांच्या श्वासाची आठवण सुवर्णमहोत्सवी वर्षात एका समाजाने ठेवली, तर कर्जत-खालापूरच्या डोंगरवाड्यांवरील कित्येक माता त्या समाजाला मनोमन आशीर्वाद देतील.